वजन आणि वळण

अकरावीच्या भौतिकशास्त्रात वळणावरच्या गाडीचं एक गणित असतं. गाडीला वळवायला लागणारं बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षणही त्याच प्रमाणात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं वस्तुमान कटतं आणि उरतात फक्त त्रिज्या आणि घर्षणांक. ५० मीटर त्रिज्येचं सपाट वळण घेतलं आणि घर्षणांक १ धरला, तर कमाल वेग येतो ताशी सुमारे ८० किलोमीटर. गाडी सातशे किलोची असो की अडीच टनांची, उत्तर तेच.

मग हलक्या गाड्यांचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण रबर पुस्तकाप्रमाणे वागत नाही. टायरवरचा भार वाढला की पकड वाढते, पण भाराइतकी नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमीच भरते. त्यात वळण घेताना भार बाहेरच्या बाजूच्या चाकांवर सरकतो. बाहेरचा टायर जेवढी पकड कमावतो त्याहून जास्त आतला गमावतो. म्हणजे वळणात शिरली की गाडीची एकूण पकड घटलेलीच असते. टायर तेच, गाडीची उंची-रुंदी तीच आणि फक्त वजन वाढवलं, तरी ही घट वाढते. कागदावर कटलेलं वजन रस्त्यावर परत येतं.

*

यावर जड गाडीचा उपाय म्हणजे रुंद टायर. २०२४च्या बीएमडब्ल्यू एम-५ला पुढे २८५ आणि मागे २९५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. १९८९च्या माझदा एमएक्स-५ला चारही १८५चे होते. रुंद टायर जड, त्याची रिम मोठी, गाडी थांबवायला डिस्क मोठ्या. हे सगळं स्प्रिंगच्या खालचं, चाकाबरोबर खालीवर होणारं वजन. ते आवरायला तगडे शॉक ॲब्सॉर्बर. ते खड्ड्यात दणके देऊ नयेत म्हणून त्यांना क्षणाक्षणाला मऊ-कडक करणारे व्हॉल्व्ह, सेन्सर, वायरिंग. एक किलो दुसऱ्या किलोला बोलावून आणतो.

उलट्या दिशेनेही साखळी अशीच चालते. गाडी हलकी केली की लहान ब्रेक पुरतात, अरुंद टायर पुरतात, लहान इंजिन पुरतं, आणि त्या सगळ्यामुळे गाडी आणखी हलकी होते. मला ही दुसरी वाट जास्त अवघड वाटते. तिथे एखादी गोष्ट कमी पडली तर वरून शंभर अश्वशक्ती ओतून ती झाकता येत नाही.

*

एम-५चाच आणखी थोडा हिशेब. २०१७मध्ये आलेली मागच्या पिढीची एम-५ : ६०० अश्वशक्ती, १,८५५ किलो, शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत. नवी : ७२७ अश्वशक्ती, २,४३५ किलो, शून्य ते शंभर ३.५ सेकंदांत. सव्वाशेहून अधिक अश्वशक्ती वाढली आणि वाढलेल्या वजनाने ती सगळी खाऊन टाकली. बॅटरी आणि मोटर असल्यामुळे ही गाडी शहरात पेट्रोल न जाळता फिरू शकते, ते मोलाचं आहेच. पण दोन पिढ्यांतला फरक ५८० किलोंचा आहे. टाटा मोटर्सची अख्खी नॅनो साधारण ६०० किलोंची होती.

*

१९३०ची फ्रेंच ग्रां प्री, पो शहराजवळच्या रस्त्यांवर. जड विरुद्ध हलकी या वादातला माझा सर्वांत आवडता दिवस. पहिला आला फिलिप एतांसलँ, बुगाटी टाइप ३५-सी घेऊन. गाडी दोन लिटरची, वजन साडेसातशे किलोंच्या आसपास. आणि दुसरा? सर हेन्री ‘टिम’ बर्किन, साडेचार लिटरच्या सुपरचार्जर लावलेल्या बेंटलीत. ही गाडी बुगाटीच्या दुपटीहून जड, मुळात रस्त्यावर चालवायची, शर्यतीसाठी दिवे वगैरे काढून उभी केलेली. बाकीचे ग्रां प्रीच्या सडपातळ गाड्यांत आणि हा मधूनच वाट काढत दुसरा.

हा निकाल दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने वापरला आहे. हलकी गाडी जिंकली, हे खरं. जड गाडीने इतरांना मागे टाकलं, हेही खरं. मी त्यातून एवढंच घेतो की रस्ता सरळ आणि लांब असेल तर ताकदीला वाव मिळतो, आणि चालवणारा बर्किनच्या तोडीचा असेल तर वजनाची बरीच किंमत तो स्वतःच्या अंगावर घेतो. ल मान्सच्या चोवीस तासांत बेंटलीच्या गाड्या १९२७ ते १९३० सलग चार वर्षं जिंकल्या होत्या. तिथे चोवीस तास न मोडता धावणं ही पहिली अट होती आणि जाड लोखंड त्या अटीला उतरलं.

*

१९६४ची माँटे कार्लो रॅली. पॅडी हॉपकर्क आणि त्याचा सहचालक हेन्री लिडन मिनी कूपर एसमध्ये : १,०७१ सीसी, १० इंची चाकं. समोर बो ल्युंगफेल्ट, अमेरिकन फोर्ड फाल्कनमध्ये : मोठं व्ही-८ इंजिन, वजन मिनीच्या जवळपास दुप्पट. मिनी जिंकली, फाल्कन दुसरी. ही गोष्ट सांगताना लोक एक तपशील गाळतात. घड्याळाच्या हिशेबाने ल्युंगफेल्टच जास्त वेगवान होता. इंजिनाच्या आकारानुसार सवलत देणारा नियम होता, त्याने निकाल मिनीकडे झुकला.

पण तो तपशील सांगितल्यावर गोष्ट मला आणखी मोठी वाटते. तुरिनी खिंडीतल्या बर्फाळ रात्रीच्या टप्प्यावर त्या छोट्या मिनीला व्ही-८ फाल्कनपेक्षा जास्त लागले फक्त १७ सेकंद. इंजिन चौपटीहून लहान आणि फरक १७ सेकंदांचा! इंजिनाचं वजन ओढणाऱ्याच चाकांवर, चारही चाकं गाडीच्या चार कोपऱ्यांत, पोलादी स्प्रिंगांऐवजी ॲलेक्स मोल्टनचे रबराचे शंकू. अलेक इसिगॉनिसने ही गाडी स्वस्त, कुटुंबासाठी म्हणून आखली होती. मिनीने नंतर १९६५ आणि १९६७मध्येही ही रॅली जिंकली.

*

वळणाच्या गणितात वजन कटतं तसं ब्रेकच्या उष्णतेत ते कागदावरसुद्धा कटत नाही. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. एक टनाच्या गाडीची एवढ्या उतारात ५४ लाख जूल ऊर्जा सुटते. २,४०० किलोंच्या गाडीची सुमारे १ कोटी ३० लाख. पहिलीत साधारण १७ लिटर पाण्याला उकळी येईल, दुसरीत ४१ लिटरांना. हवेचा रोध आणि इंजिनाचा रोध यांचा वाटा वजा केला, तरी उरलेलं सगळं पॅड आणि डिस्कनेच पचवायचं असतं. गिअर खाली न टाकता फक्त ब्रेकवर उतरलेल्या जड गाड्यांचा तो जळका वास बोरघाटाच्या पायथ्याशी कुणालाही ओळखता येतो.

विजेची गाडी इथे एक चांगली गोष्ट करते : उताराची ऊर्जा मोटरमधून परत बॅटरीत घेते. जड असूनही तिचे पॅड टिकतात. लोणावळ्यात बॅटरी पूर्ण भरून लगेच उतरायला लागलं तर मात्र ती ऊर्जा साठवायला जागा नसते आणि भार पुन्हा ब्रेकवर येतो.

*

जड गाडीची बाजू मांडायची तर ती निसानच्या काझुतोशी मिझुनोसारखी मांडावी. २००७ची आर-३५ जीटी-आर त्याने घडवली : १,७४० किलो, ४८० अश्वशक्ती. वजनाबद्दल विचारलं की तो लाजत नसे. टायर रस्त्यावर दाबून धरायला वजन लागतं, ते योग्य जागी असलं म्हणजे झालं, असं त्याचं सांगणं. गिअरबॉक्स इंजिनापासून तोडून मागच्या चाकांपाशी नेला, चारही चाकांना ताकद दिली आणि २००८मध्ये न्युर्बुर्गरिंग या जर्मन शर्यतमार्गाचा फेरा ७ मिनिटं २९ सेकंदांत मारून दाखवला. कितीतरी महाग आणि हलक्या गाड्यांना ते जमलेलं नव्हतं.

माणूस थोर आहे, तरी त्याचं म्हणणं मला पटत नाही. टायर दाबायचाच असेल तर ते काम वारा करू शकतो. पंखांनी आणि गाडीच्या पोटाखालच्या हवेने मिळणारा दाब टायरला पकड देतो, पण वळताना त्याला स्वतःची जडता नसते. वजनाने दाबलेला टायर आधी तेच वजन वळवायला खर्ची पडतो.

*

वजन किती याइतकंच ते कुठे, हे महत्त्वाचं. दोन टोकांना जड असलेली गाडी वळायला लागतानाही आळस करते आणि वळायची थांबतानाही. वजन मध्याशी आणलं की ती झटकन फिरते. म्हणून इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे ठेवणाऱ्या गाड्या.

नॅनोचं इंजिन मात्र अगदी मागे होतं. अशा गाडीचं शेपूट वळणात बाहेर निघायला बघतं. टाटांच्या अभियंत्यांनी पुढे १३५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागे १५५चे टायर दिले, म्हणजे आधी पुढची चाकं सोडतील, मागची नंतर, आणि घाबरून पाय उचलणाऱ्या नवशिक्याची गाडी गरकन फिरणार नाही. पोर्शे ९११च्या मागच्या चाकांवर रुंद टायर असतात त्यामागेही हाच विचार आहे. ६२४ सीसीच्या, लाख रुपयांच्या गाडीत कुणीतरी एवढा विचार केला होता, याचा मला अभिमान वाटतो. नॅनोवर लिहिणाऱ्यांनी तिची किंमत आणि सिंगूरचा जमिनीचा वाद सोडून या टायरांकडे क्वचितच पाहिलं.

*

लोटस एलान, १९६२. पाठीच्या कण्यासारखी एक पोलादी चौकट, वर फायबरग्लासचं कवच, दीड लिटरच्या थोडं वरचं इंजिन आणि सगळं मिळून सातशे किलोंच्या आत. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन शिक्षणाने स्थापत्य अभियंता. पूल बांधणारा माणूस जसा प्रत्येक तुळईला ‘तू कोणता भार वाहतेस?’ असं विचारतो, तसं तो गाडीच्या प्रत्येक भागाला विचारायचा.

तीस वर्षांनी गॉर्डन मरेने मॅकलारेन एफ-१ बनवली : ६२७ अश्वशक्ती, वजन फक्त १,१३८ किलो, वेग ताशी ३८६ किलोमीटर. आजही त्या गाडीचं नाव आदराने घेतलं जातं. मरेला तिच्यात एकच उणीव बोचत राहिली : एलानच्या स्टेअरिंगसारखं स्टेअरिंग आपल्याला तिला देता आलं नाही. बारा सिलिंडरच्या गाडीचा निर्माता शंभरेक अश्वशक्तीच्या गाडीपुढे हात जोडतो, तो या एका गोष्टीसाठी. एलानला पॉवर स्टेअरिंगची गरजच नव्हती. पुढच्या अरुंद टायरखालचा खडा, डांबराचा बदललेला पोत, पकड सुटायच्या आधीचा किंचित ढिलेपणा, सगळं थेट तळहातात यायचं. सव्वादोन टनांच्या गाडीची पुढची चाकं मदतीशिवाय फिरवणं आज कुणाकडून होणार नाही. मदत करणारी मोटर मध्ये आली की हाताला पोचणारं बरंच काही ती गाळून टाकते.

*

चॅपमनच्या हलकेपणाची दुसरी बाजूही लिहायला हवी. सप्टेंबर १९७०, मोंझा. सरावात योखेन रिंटच्या लोटस ७२च्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला, गाडी रस्त्याकडेच्या कठड्यावर गेली आणि तो दगावला. त्या वर्षीचं फॉर्म्युला वनचं विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. लोटसच्या गाड्यांच्या नाजूकपणाची भीती त्याने आधीच बोलून दाखवली होती. अनावश्यक वजन काढणं वेगळं आणि आवश्यक ताकद काढणं वेगळं, आणि त्या दोहोंमधली रेघ शर्यतीच्या घाईत पुसली जाते.

*

आपल्याकडे गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी दार लावून बघतो. ‘ठप्प’ असा भरीव आवाज आला की गाडी भक्कम. पत्र्यावर अंगठा दाबून बघणारेही आहेत. मजबुती त्या पत्र्यात नसतेच. ती आतल्या चौकटीत असते, आणि पुढचा भाग किती शिस्तीत चुरगळतो त्यात. चाचणीत गाडी अडथळ्यावर आपटतात तेव्हा जड गाडी स्वतःची जास्त ऊर्जा घेऊनच आपटते. वजनाचा फायदा होतो तो दोन गाड्यांच्या टकरीत, आणि त्या फायद्याची किंमत समोरच्या हलक्या गाडीतली माणसं मोजतात. सगळ्यांनीच याच कारणासाठी दोन टनी गाड्या घेतल्या तर फायदा कुणालाच उरत नाही आणि धोका वाढतो तो दुचाकीवाल्यांचा आणि पायी चालणाऱ्यांचा. हा मुद्दा हँडलिंगचा नाही, पण जड गाडीच्या प्रत्येक जाहिरातीत तो लपलेला असतो.

*

एमएक्स-५, १९८९, शिकागो ऑटो शो. १.६ लिटर, ११५च्या आसपास अश्वशक्ती, वजन साधारण ९५० किलो. एलान डोळ्यांपुढे ठेवूनच ती आखली होती. घोडा आणि स्वार एक व्हावेत तशी गाडी आणि चालक, ही माझदाची तेव्हापासूनची कसोटी आहे.

मला तिच्या चौथ्या पिढीचं जास्त कौतुक वाटतं. नियम कडक झाले, एअरबॅग वाढल्या, सगळ्यांच्या गाड्या फुगल्या आणि माझदाने २०१५ची एमएक्स-५ आधीच्या पिढीपेक्षा शंभर किलोंनी हलकी केली. कंपनीच्या अभियंत्यांनी ग्रॅमचा हिशेब ठेवला. वजन वाढणं अपरिहार्य आहे असं कुणी सांगितलं की मी या गाडीचं नाव घेतो.

*

टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरची रेंज रोव्हर स्पोर्ट एसव्ही : ६३५ अश्वशक्ती, सुमारे अडीच टन. चारही शॉक ॲब्सॉर्बर द्रवाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेले. गाडी वळणात एका बाजूला कलू लागली की दाब फिरवून तिला सरळ धरतात. महिंद्रा समूहाच्या पिनिनफारिना बतिस्तात चार चाकांना चार मोटरी, १,९०० अश्वशक्ती, सव्वादोन टनांच्या आसपास. प्रत्येक चाकाला किती ताकद द्यायची ते संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. पोर्शेच्या टायकान टर्बो जीटीने २०२३मध्ये न्युर्बुर्गरिंगचा फेरा ७ मिनिटं ७ सेकंदांत मारला, वजन सव्वादोन टन. हे सगळं अफाट अभियांत्रिकीचं काम आहे. मनापासून दाद द्यावी असं.

पण फेऱ्याची वेळ आणि हँडलिंग या दोन गोष्टी आहेत. मागची चाकं वळवून लांब गाडी आखूड असल्यासारखी फिरवता येते, कलणारी गाडी सरळ धरता येते, आतलं चाक किंचित रोखून नाक वळणात घालता येतं. घड्याळापुरतं वजन लपतं. चालकाला मात्र ते ऐन वेळी भेटतं : डावं वळण संपतं न संपतं तोच उजवं लागतं तेव्हा, किंवा वळणाच्या मध्यावर अचानक खड्डा येतो तेव्हा. एका बाजूला झुकलेले अडीच टन दुसऱ्या बाजूला न्यायला वेळ लागतो आणि हा वेळ कोणत्याही संगणकाला शून्य करता येत नाही.

आणि माझ्या लेखी सर्वांत मोठा मुद्दा वेगाचा. ताम्हिणीसारख्या घाटात नऊशे किलोंची साधी गाडी ताशी ५०ला बोलायला लागते. टायर कुरकुरतात, स्टेअरिंग सैल-घट्ट होतं, आपण चालवतो आहोत हे कळतं. सातशे अश्वशक्तीची जड गाडी त्या वेगाला झोपलेली असते. तिला जागं करायचं तर ताशी ९०-१००ला न्यावं लागतं, आणि त्या रस्त्यावर वळणापलीकडे एसटी असते, गुरं असतात, शाळेतून परतणारी मुलं असतात. जिचा आनंद माणसांच्या रस्त्यावर घेताच येत नाही ती गाडी चांगलं हँडल होते असं मी म्हणणार नाही.

*

‘पावसात जड गाडीच बरी, हलकी तरंगते’ हे दर जूनमध्ये ऐकू येतं. टायर पाण्यावर कोणत्या वेगाला तरंगेल हे मुख्यतः त्यातल्या हवेच्या दाबावर, नक्षीच्या खोलीवर आणि रुंदीवर ठरतं. जड गाडी आपलं वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरून टेकते, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला पडणारा दाब जवळजवळ तेवढाच राहतो. रुंद टायर उलट लवकर तरंगतो.

*

गोव्यात १९९८च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची गाडी बनू लागली. दोन आसनी, उघड्या टपाची, फायबरग्लासची, आत रेनोचं १.२ लिटरचं ६० अश्वशक्तीचं इंजिन. फार विकली गेली नाही. नंतर पुण्यात दिलीप छाब्रियांची डीसी अवंती आली : दोन लिटर टर्बो, मध्यावर इंजिन, दिसायला सुपरकार, वजन दीड टनाच्या वर. लोकांना अवंती आठवते. माझा कौल त्या साठ अश्वशक्तीच्या गाडीला आहे. तिची दिशा बरोबर होती आणि तिच्यामागे चांगल्या सस्पेन्शनचं आणि चांगल्या इंजिनाचं बळ उभं राहायला हवं होतं.

ते बळ आज देशात आहे. आपल्याकडे मिळणारी साधी स्विफ्ट ९२० किलोंच्या आसपास भरते. सुझुकीने जपान-युरोपात तिचीच स्पोर्ट आवृत्ती विकली : १.४ लिटर टर्बो, १४० अश्वशक्ती, सहा गिअर, ९७० किलो. भारतात ती कधी आली नाही. साध्या स्विफ्ट इथे लाखोंनी बनतात, कामगार तयार आहेत, सुटे भाग गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचतात. तीच स्पोर्ट इथे बनवावी. तिला टचस्क्रीन लहान चालेल, सनरूफ नको, चाकं १६ इंचांहून मोठी नकोत आणि गिअर हातानेच टाकायचे असावेत. किंमत एखाद्या मध्यम एसयूव्हीएवढी ठेवली तरी घेणारे मिळतील, असं मला वाटतं. निदान मी तरी रांगेत उभा राहीन.